पूजेतली डिस्क

मला राग लवकर येतो. आई म्हणते, ही नाकावर माशी बसू देत नाही. पण त्या उन्हाळ्यात जो राग आला तो नाकावरचा नव्हता, तळपायापासून निघालेला होता. तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. कशासाठी विसरायचं? विसरलं की तेच लोक पुन्हा तेच करायला मोकळे होतात.

मी झाशीची. आजोबा रेल्वेच्या नोकरीत महाराष्ट्रातून इथं आले, वडीलही रेल्वेतच लागले, आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. छावणीच्या पलीकडच्या रस्त्यावर एका खासगी कंपनीचं डेटा सेंटर आहे, तिथं मी बरीच वर्षं काम करते आहे. नाव भारदस्त असलं तरी प्रत्यक्षात तो एका इमारतीचा पहिला मजला आहे. काचेच्या दाराआड एक थंडगार खोली, तिच्यात लोखंडी कपाटांच्या रांगा आणि कपाटांत घुमणारी यंत्रं. आजूबाजूच्या कितीतरी दवाखान्यांचे आणि तपासणी केंद्रांचे अहवाल तिथं साठवलेले असतात. तुम्ही मऊरानीपुरात रक्त तपासायला द्या नाहीतर झाशीत, संध्याकाळी मोबाइलवर जो रिपोर्ट येतो तो आमच्या खोलीतून निघालेला असतो.

या सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणारं आणखी एक यंत्र असतं. त्याला मॅनेजमेंट सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडे स्वतःचा एकही रिपोर्ट नसतो, पण कोणतं यंत्र कुठल्या कपाटात आहे, कोण तापलंय, दुपारी दुसरा एसी कधी सुरू करायचा, काही बिघडलं तर कोणाच्या फोनवर बोंब मारायची, हे सगळं त्यालाच ठाऊक असतं. एकत्र कुटुंबातली थोरली बाई असते ना, जिच्या हातात चूल नसते पण कुठला डबा कुठल्या फळीवर आहे ते फक्त तिलाच सांगता येतं, तसं. ती अंथरुणाला खिळली की घर चालत राहतं, पण आंधळं चालतं.

म्हणून या सर्व्हरचा रोज बॅकअप घेतात. त्याच्या डोक्यातलं सगळं रोज उतरवून, वायरीनं जोडलेल्या एका वेगळ्या डिस्कवर ठेवतात. उद्या तो सर्व्हर मेलाच, तर नवीन यंत्र घ्यायचं आणि डिस्कवरचं सगळं त्यात भरायचं. याला रिस्टोअर म्हणतात. आता कोणीही शहाणा माणूस विचारेल, की बाई, भरल्यावर ते चालतं का, हे कधी करून पाहिलंय का? मीही हेच विचारत होते. वर्षानुवर्षं विचारत होते.

आमचे साहेब, म्हणजे सेंटरचे प्रमुख. अशा ठिकाणी माणूस तसा वाईट नव्हता असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

"सर, एक बार रिस्टोर करके देख लेते हैं. अलग मशीन पर. चालू सर्वर को हाथ भी नहीं लगेगा."

"काहे के लिए?"

"देखने के लिए कि होता है या नहीं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या अंगणात लिंबू-मिरची टाकली. "मैडम, अच्छा-भला चल रहा है, और आप रिस्टोर की बात कर रही हैं? जीते आदमी की तेरहवीं करेंगी आप? शुभ शुभ बोलिए."

दिवाळीनंतर पुन्हा विचारलं, तर म्हणाले लग्नं चालू आहेत, निम्मा स्टाफ रजेवर आहे. मग खरमास लागला. खरमासात इथं कोणी नवीन खुर्ची घेत नाही, तर रिस्टोअरची तालीम कोण करणार? होळीनंतर बघू. होळी झाली, तर नवं संवत लागू द्या. यंत्र बिघडण्यासाठी मुहूर्त बघत नाही, हे मी सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हरी बत्ती जल रही है न? बस." खरंच, रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण यायची, बॅकअप झाला म्हणून. त्या हिरव्या खुणेवर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

तुम्ही म्हणाल, साहेब आळशी आणि अंधश्रद्ध, असे साहेब गावोगाव आहेत, त्यात एवढं चिडण्यासारखं काय? एका मुलीसाठी मी चिडले आहे. तिच्याबद्दल आधी सांगते.

ती मऊरानीपूरची. रोज सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. डिप्लोमा केलेला, आमच्याकडे कंत्राटावर ऑपरेटर. पडद्यासमोर बसायचं, खोलीत फेरी मारायची, काही वेगळं दिसलं की कळवायचं, हे तिचं काम. तिच्या घराण्यात नोकरीसाठी गावाबाहेर पडलेली ती पहिली मुलगी. वडिलांचा धान्याचा व्यापार, मंडईत सगळे ओळखणारे. त्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती, आणि ती अट तिनं पहिल्याच आठवड्यात मला डबा खाताना हसत हसत सांगितली होती. "पापा ने कहा है दीदी, जिस दिन कोई बात उठी, उस दिन से घर." बात उठी म्हणजे काय, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं. काहीही उठलं तरी बातच.

तिला यंत्रांची खरीच आवड होती. मी काही शिकवायला लागले की ओढणी कमरेला खोचून उभी राहायची. मला मुलगी नाही, आणि ती मला मुलीसारखी वाटायची, हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मी तिला नुसतीच रागवायचे.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. इथं कारखान्यांत, वर्कशॉपांत, सगळीकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, आमच्याकडेही होते. त्यात मला काही गैर वाटत नाही. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतोच की. त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी आमच्या घरी गौरींचं विसर्जन होतं, म्हणून मी रजेवर होते.

त्या दिवसाचं मला नंतर कळलं ते असं. पूजेच्या वेळी ती मुलगी मागे, जिन्यापाशी उभी राहिली. आरतीला बोलावलं तर म्हणाली, "आप लोग कर लीजिए, हम बाद में." बायकांना ते लगेच कळलं, आणि मग पुरुषांनाही. आरती तशीच पुढे चालू राहिली. दुपारी पडद्यावर एका यंत्राची सूचना आली. ड्यूटीवर तीच होती. ती खोलीत गेली, सैल झालेली वायर नीट बसवली, परत आली. तिचं कामच ते होतं.

मी रजेवरून परत आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. सर्व्हरशेजारी काळी डिस्क, तिचा दिवा लुकलुकणारा, पडद्यावर हिरवी खूण. साहेबांच्या केबिनमधल्या छोट्या देवळीत गणपतीशेजारी एक तशीच काळी डिस्क दिसली. तिच्याभोवती लाल कलावा, म्हणजे पूजेचा दोरा, गुंडाळलेला, वर कुंकू आणि अक्षता. आम्ही एकसारख्या दोन डिस्क विकत घेतल्या होत्या, एक लावलेली आणि एक खोक्यात ठेवलेली. पूजेला खोक्यातली बसवली असणार असं मी धरून चालले. कोणीही तेच धरून चाललं असतं.

मग मे आला. झाशीचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि लू अशी वाहते की डोळे उघडे ठेवले तर दुखतात. अशाच एका सकाळी मी ऑफिसच्या वाटेवर असताना तिचा फोन आला.

"दीदी, मैनेजमेंट वाला बंद हो गया. हमने कुछ नहीं किया. पहले लाल हुआ, फिर स्क्रीन काली."

"किसी चीज़ को छेड़ना मत. मैं पहुँच रही हूँ."

तिनं सगळं बरोबर केलं होतं. आधी मला फोन, मग साहेबांना, मग दुसरा एसी हातानं सुरू. मी पोचले तेव्हा साहेब तिथं होते. सर्व्हरच्या आतली डिस्क कायमची गेलेली आहे हे मला बघताक्षणी कळलं. त्यांनी मात्र सर्व्हरकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ते तिच्याकडे पाहत होते. "तुमने कुछ छुआ? सच बताओ, क्या छुआ?"

ती म्हणाली, "फोन छुआ, सर." तिला तेवढीच हिंमत झाली, आणि मला तिचं कौतुक वाटलं.

मी वाद घातला नाही, कारण खोली तापत होती. एसी दोन्ही चालू होते, पण कुठल्या कोपऱ्यात काय तापतंय हे सांगणारंच यंत्र मेलेलं होतं. आम्ही दोघी तापमापक घेऊन कपाटाकपाटाशी फिरत होतो. काही यंत्रं जपून बंद करावी लागली आणि तेवढ्या दवाखान्यांचे रिपोर्ट थांबले. तिकडून फोन सुरू झाले. पण मी घाबरले नव्हते. बॅकअप होता. नवीन यंत्र काढलं, काळी डिस्क जोडली, उघडली.

डिस्क रिकामी होती. नुसती रिकामी नाही, कोरी. खोक्यातून काढल्यापासून तिच्यावर एक अक्षरही लिहिलं गेलं नव्हतं.

मी वायर काढून पुन्हा जोडून पाहिली. इतके महिने दिवा लुकलुकत होता, हिरवी खूण येत होती, मग बॅकअप गेला कुठं? आणि तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता, "अरे मैडम, वो तो खाली वाली है. असली तो हमने संभालकर रखी है. पूजा वाली."

तेव्हा सगळं उलगडलं. पूजेच्या दिवशी साहेबांना वाटलं, खोक्यात पडून राहिलेल्या डिस्कची कसली पूजा? जी सेवा करते तिची पूजा करायची. म्हणून त्यांनी चालू डिस्कची वायर काढली, तिला केबिनमध्ये नेऊन बसवलं, आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून कोरी डिस्क तिथं जोडून दिली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलं असं त्यांना वाटलंच नसणार. पण नवी डिस्क नुसती जोडून भागत नाही, सर्व्हरला तिची ओळख करून द्यावी लागते. ती कोणी दिली नाही. जुन्या डिस्कच्या नावाचा एक रिकामा फोल्डर सर्व्हरच्या आत उरला होता. रोजचा बॅकअप इमानेइतबारे त्या फोल्डरमध्ये पडत राहिला, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच पोटात. फाइल लिहिली गेली की हिरवी खूण. सर्व्हर मेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे सगळे बॅकअपही मेले. मी मागत होते ती तालीम एकदा, फक्त एकदा झाली असती, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मी केबिनमध्ये गेले आणि देवळीतली डिस्क उचलायला हात पुढे केला. साहेब आडवे आले. कलावा असा सोडता येत नाही, पंडितजींना विचारावं लागेल. खरंच त्यांनी फोन लावला. पंडितजी उचलत नव्हते. इकडे दवाखान्यांचे फोन, तिकडे तापणारी खोली, आणि मध्ये आमचे साहेब कानाला मोबाइल लावून पंखा बघत उभे. मी टेबलावरची कात्री घेतली आणि कलावा कापला.

"मैडम, अनर्थ!"

"अनर्थ तो सितंबर में हो गया, सर," मी म्हणाले. अक्षता झटकल्या, कुंकू रुमालानं पुसलं आणि डिस्क घेऊन गेले. देवानं मला काही केलं नाही. उलट त्यानंच मला त्या दिवशी कात्री दिली असं मी समजते.

डिस्कवर पूजेच्या आदल्या दिवसापर्यंतचा बॅकअप होता. नव्या यंत्रावर सॉफ्टवेअरचीही त्या वेळचीच जुनी आवृत्ती बसवावी लागली, नाहीतर ते जुना बॅकअप स्वीकारत नाही. ती शोधून बसवली, मग रिस्टोअर चालवला. सर्व्हर उठला, पण सप्टेंबरातल्या आठवणी घेऊन उठला. त्यानंतर आलेलं एकही यंत्र त्याला ओळखता येईना. मग ती मुलगी कपाटापाशी उभी राहून एकेक यंत्राचा क्रमांक ओरडून सांगायची आणि मी टाइप करायचे. दुपारचं जेवण राहिलं. संध्याकाळपर्यंत सगळं उभं राहिलं, आणि तिची गाडी चुकायला नको म्हणून मी तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. वाटेत ती मागून म्हणाली, "आज बहुत सीखा, दीदी." तिला पुढचं काय माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली होती. कोणी सुरू केली हे विचारायची गरज नव्हती. पूजेच्या दिवशी तसल्या अवस्थेत ही आत गेली होती ना? पूजेला बसवलेल्या वस्तूंजवळ? मग आणखी काय होणार? चहाच्या टपरीवर हे, आणि मालकांना पाठवलेल्या अहवालात दुसरंच, "ऑपरेटर की लापरवाही". साहेबांनी एकाच मुलीवर दोन खापरं फोडली. गल्लीत एक, कागदावर दुसरं. तिला चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आई तरी चिडेल. आई भाजी निवडत होती. तिनं देठ मोडता मोडता म्हटलं, "वाईट झालं. पण खरं सांगू का, विटाळशीनं त्या दिवशी तिथं जायला नको होतं गं."

"आई, ती ड्यूटीवर होती!"

"मग दुसऱ्या कोणाला पाठवायचं."

"आई, त्या खोलीत काय आहे माहीत आहे? रक्ताचे रिपोर्ट आहेत. रक्ताचे! हजारो बायकांचे! ती खोली रक्तानंच भरलेली आहे, आणि हिच्या रक्तानं ती विटाळली?"

आईनं पुढची जुडी ओढली. मी त्या दिवशी जेवले नाही. लहानपणी कावळा शिवला म्हणून मला मागच्या खोलीत चटईवर बसवायचे, तांब्यासुद्धा वेगळा असायचा, आणि मी निमूटपणे बसायचे. त्या मुलीवरून मला माझ्या स्वतःच्या निमूटपणाचाही संताप आला.

मालक कानपूरहून आले. बैठकीला साहेब, मी आणि ती. ती वडिलांना बरोबर घेऊनच आली होती. ते बाहेर बाकावर बसून राहिले, कोणी पाणी विचारलं तरी नको म्हणाले. आतमध्ये मी दोन्ही डिस्क टेबलावर ठेवल्या. एक कोरी, एक कुंकवाचे डाग अजून खाचांत असलेली. कुठली वायर कोणी काढली, बॅकअप कुठं पडत राहिला, हे सगळं तिनंच मालकांना समजावून सांगितलं. फोल्डर कुठं उरतो तेही. शांतपणे, एकही शब्द न चुकता. मी मध्ये बोलले नाही.

मालकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सर, आस्था का विषय है."

आणि बघा, मालक गप्प बसले! तेवढ्या एका वाक्यानं त्यांची सुटका झाली. आस्था म्हटलं की पुढं प्रश्न संपतो. मी म्हणाले, "आस्था इनकी थी, तो बदनामी इसकी क्यों?" मालकांनी घड्याळाकडे बघितलं. ठरलं ते असं, की मुलीला कामावर परत घ्यावं, अहवालात "तकनीकी कारणों से" असं लिहावं, आणि दर महिन्याला रिस्टोअरची तालीम करावी. साहेबांना काही नाही. साधी लेखी समजसुद्धा नाही. तीच केबिन, तीच खुर्ची. तालीम मंजूर झाली तीही कोणाला माझं पटलं म्हणून नव्हे, तर दवाखान्यांनी मालकांना झापलं म्हणून. आणि चहाच्या टपरीवरची गोष्ट कोणी खोडून काढली नाही. खोडणार कशी? ती कुठं लिहिलेलीच नव्हती.

बाहेर वडील उठून उभे राहिले. मी त्यांना म्हणाले, "आपकी बेटी की कोई गलती नहीं थी." त्यांनी हात जोडले, "जी, बहनजी," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता चालू लागले. त्यांच्यापर्यंत कुठली गोष्ट पोचली होती ते मला तेव्हा कळलं. अहवालातली नव्हे, टपरीवरची. आमच्याच ऑफिसातला मऊरानीपूरचा कोणीतरी ती आधीच मंडईत सांगून आला होता.

ती परत कामावर आली. पण घरून नवी अट लागली होती. तिच्या आईनं सांगितलं होतं, उन दिनों छुट्टी ले लिया करो, बात फिर उठी तो पापा नहीं मानेंगे. म्हणजे दर महिन्याला रजा. कंत्राटावरची मुलगी दर महिन्याला चार दिवस गायब राहिली, की पुढच्या कंत्राटात तिचं नाव नसतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिला काढायची कोणाला गरजच उरली नव्हती. ती आपणहूनच थोडी थोडी निघून जाणार होती.

पहिल्या तालमीचा दिवस आला. तिनं रजा टाकली नव्हती. कदाचित तालीम चुकवायची नसेल, कदाचित मला घाबरली असेल. मी वेगळं यंत्र मांडून ठेवलं, डिस्क शेजारी ठेवली आणि तिला हाक मारली. ती काचेच्या दाराशी थांबली.

"दीदी, आज आप कर लीजिए."

"क्यों?"

तिनं दाराची मूठ सोडली. खाली बघत राहिली. मला कळलं, आणि माझ्या डोक्यात जे काही साचलं होतं ते सगळं तिच्यावरच फुटलं. मी ओरडले. मालकांना सगळं समजावून सांगणारी तूच ना, मी म्हणाले, वायर कोणी काढली ते तुला माहीत नाही का, कोरी डिस्क तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस ना? ती ऐकून घेत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "दीदी, सच बताइएगा. हमारे छूने से तो नहीं हुआ था न?"

एवढं सगळं कळूनही. तिच्याच तोंडून ते सगळं निघालं होतं, तरीही. मला वाटलं, साहेबांची गचांडी धरून त्यांना इथं आणावं आणि हे वाक्य ऐकवावं. पण ते ऐकून ते म्हणाले असते, देखा?

मी खुर्ची ओढली. "बैठो. आज तुम ही करोगी. अकेली." आणि मी खोलीबाहेर निघून गेले. माझा हात लागला म्हणून चाललं, असं उद्या कोणी म्हणायला नको. तिनंसुद्धा.

काचेतून दिसत होतं. ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग ओढणी कमरेला खोचली, हात पुढे केला, मागे घेतला, आणि एकदम डिस्क उचलून वायर जोडली. नंतर तिचे हात थांबले नाहीत. पडद्यावरची पट्टी सरकत होती आणि ती तिच्याकडे डोळे लावून बसली होती. पट्टी संपली. थोडा वेळ काहीच नाही. मग कपाटं एकेक करून पडद्यावर उमटू लागली, सगळी, नवी यंत्रंही, एकही न वगळता. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून घेतली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

ती दार ढकलून बाहेर आली तेव्हा तिच्या कानाला फोन होता. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं, शिपाई होता, दोन-तीन माणसं उभी होती. तिनं आवाज खाली आणला नाही. तिच्या घरच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलत होती.

"अम्मा, हओ, आजई. आजई छुओ है, अपने हातन सें." आजच का, असं काहीतरी तिकडून आई म्हणाली असावी. ती रडत होती आणि मोठमोठ्यानं बोलत होती. "तुम सुनो तो, अम्मा. चल रओ है. सब चल रओ है."